ग्रामरोजगार सेवक आणि रोजगार हमीचे कंत्राटी कर्मचारी यांची पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात कामाची मागणी नोंदवून घेणारा, मजुरांची हजेरी लावणारा आणि मस्टर तालुक्याला वेळेवर पोचलं नाही तर शिव्या खाणारा माणूस म्हणजे ग्रामरोजगार सेवक. त्याच्या वर तालुक्याला तांत्रिक सहायक, डेटा एंट्री ऑपरेटर आणि सहायक कार्यक्रम अधिकारी असतात. ही मंडळी पंधरा-अठरा वर्षं सरकारी पैशावर चालणारी योजना राबवत आली, पण सरकारी नोकर मात्र झाली नाहीत. त्यांच्याकडून पेन्शनबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तोच मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी ग्रामरोजगार सेवक आहे. मला पेन्शन आहे का?

आज नाही. तुमच्या मानधनातून पेन्शनसाठी काही कापलं जात नाही आणि वरूनही कोणी भरत नाही. पूर्वी मानधन मनुष्यदिवसांच्या (एका मजुराने एक दिवस काम केलं की एक मनुष्यदिवस) प्रमाणात मिळायचं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दरमहा ८,००० रुपये निश्चित केलं. मोठा लढा देऊन मिळालेली गोष्ट आहे, पण ती पेन्शन नव्हे. तुमच्यासाठीचे मार्ग प्रश्न ९ ते १२ मध्ये आहेत. मानधन म्हटलं की हक्कच संपतात का, ते प्रश्न १५ मध्ये वाचा.

२. मी पंचायत समितीत कंत्राटी आहे. पगार एजन्सीकडून येतो. मला पेन्शन आहे का?

पगारातून पीएफ कापला जात असेल तर बहुतेक आहे, आणि अनेकांना हे माहीतच नसतं. पीएफबरोबर कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ लागू होते. कामगार कंत्राटदारामार्फत घेतलेला आहे म्हणून तो पीएफच्या बाहेर जात नाही. 'आम्ही सरकारी काम करतो, आम्हाला पीएफ नाही' असं सांगणाऱ्या एजन्सीचं ऐकू नका. सरकारी आस्थापनेला सूट मिळते ती तिथल्या कर्मचाऱ्यांना दुसरा भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन असेल तेव्हाच. तुम्हाला तसं काही नाही. जानेवारी २०२० मध्ये पवन हंस कंपनीच्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भविष्य निर्वाह निधीचा लाभ देण्याचा आदेश दिला. तो निकाल तुमच्या अर्जात जरूर लिहा.

३. पीएफ तर दिसतो, पेन्शनचे पैसे कुठे असतात?

पासबुक उघडा. प्रत्येक महिन्याच्या ओळीत तीन रकमा असतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि शेवटी पेन्शन. समजा पीएफसाठी धरलेला पगार १४,००० रुपये आहे. तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये पूर्णपणे पीएफमध्ये जातात. मालकाचेही १,६८० असतात, पण त्यांची फोड होते. ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ रुपये पेन्शनला आणि उरलेले ५१४ पीएफला. केंद्र सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालतं, पण ती रक्कम तुमच्या पासबुकात दिसत नाही.

पेन्शनच्या रकान्यातल्या पैशावर व्याज चढताना दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते तुमच्या नावाचं बचत खातं नसतं. तिथे तुमची सेवेची वर्षं जमा होत असतात आणि पेन्शन त्या वर्षांवर ठरते. या उत्तरातली हीच गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढच्या निम्म्या चुका ती न कळल्याने होतात.

४. पेन्शन किती बसेल?

शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार घ्या, सेवेच्या वर्षांनी गुणा आणि ७० ने भागा. पगाराची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. सरासरी १४,००० आणि सेवा १२ वर्षं असेल तर महिना २,४०० रुपये. सेवा २० वर्षं भरली की २ वर्षं वाढवून धरतात, म्हणजे १४,००० गुणिले २२ भागिले ७० असे ४,४०० रुपये.

पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. किमान १० वर्षांची सेवा लागते. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. उलट ५८ नंतर थांबलात तर ६० पर्यंत दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. ती २०१४ मध्ये ठरली आणि आजच्या महागाईत तिला आधार म्हणणं कठीण आहे. एवढ्यावर घर चालणार नाही, हे आम्ही प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. तरीही हक्काचे हे पैसे सोडू नका.

५. आठ वर्षांत तीन एजन्सी बदलल्या. काम तेच, खुर्ची तीच. माझी सेवा तुटली का?

कायद्याने तुटत नाही, कागदावर मात्र तुटलेली दिसू शकते. टेंडर बदललं की नवी एजन्सी नवा सदस्य क्रमांक काढते. तुमचा यूएएन (पीएफचा कायमचा ओळख क्रमांक) मात्र एकच राहायला हवा. पीएफच्या पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. तिथे प्रत्येक एजन्सीची एक ओळ असते आणि त्यात रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असते. बहुतेक अडचणी सोडल्याच्या तारखेपाशी निघतात. जुनी एजन्सी गाशा गुंडाळून जाते आणि तो रकाना रिकामा राहतो. मग जुनं खातं नव्यात वर्ग होत नाही आणि पाच वर्षांची सेवा अधांतरी राहते.

शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता. त्यानंतर खातं वर्ग करण्याचा अर्ज करा. दुसरा यूएएन निघाला असेल तर जुना नव्यात विलीन करून घ्या. आधार आणि पीएफवरच्या नावात 'राव', 'बाई' किंवा आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल तर तो आधी संयुक्त घोषणापत्राने (तुम्ही आणि मालकाने मिळून द्यायचा दुरुस्ती अर्ज) दुरुस्त करा. निवृत्तीच्या वेळी हे करू म्हणणारे वर्षभर हेलपाटे घालतात.

६. मधल्या काळात पैशांची गरज होती, सगळा पीएफ काढला. पेन्शन गेली का?

कोणता फॉर्म भरला त्यावर आहे. फक्त पीएफ काढला असेल तर पेन्शनची सेवा शाबूत आहे. १०-सी फॉर्म भरून पेन्शनचीही रक्कम उचलली असेल तर तेवढी वर्षं पुसली गेली आणि १० वर्षांची मोजणी शून्यापासून सुरू झाली.

सायबर कॅफेवाला 'सगळेच पैसे काढून देतो' म्हणतो आणि दोन्ही फॉर्म एकदम भरतो. तिथेच थांबवा. १०-सी फॉर्ममध्ये दुसराही पर्याय असतो: योजना प्रमाणपत्र. त्यात तुमची सेवा लिहून मिळते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते. दोन-तीन वर्षांच्या सेवेचे हातात पडणारे काही हजार रुपये आणि आयुष्यभराची पेन्शन यांची तुलना करा. खरोखरच दुसरा इलाज नसेल तरच पेन्शनची रक्कम उचला. १० वर्षं पूर्ण झाल्यावर ती काढताच येत नाही, फक्त प्रमाणपत्र किंवा पेन्शन मिळते.

७. माझी सेवा ९ वर्षं ७ महिने भरते. दहा वर्षं धरतील का?

हो. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात. ९ वर्षं ५ महिने असतील तर मात्र नाही. एवढ्या जवळ आला असाल तर राजीनामा देण्याआधी तारखा मोजा.

८. पगारपत्रकावर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात काहीच नाही. आणि एका महिन्यापासून पेन्शनच्या रकान्यात शून्य येतं.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कापलेले पैसे भरले नसतील तर तो तुमच्या पैशाचा अपहार आहे. पगारपत्रकाची प्रत, बँक स्टेटमेंट आणि पासबुकाचं पान जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात 'निधी आपके निकट' हा मेळावा होतो, तिथे प्रत्यक्ष भेटूनही देता येते. तक्रारीत मुख्य नियोक्ता म्हणून तुम्हाला काम देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं नाव घाला. एजन्सीने बुडवलं तरी अंतिम जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. हे एक वाक्य लिहिलं की कार्यालयाकडून एजन्सीच्या बिलावर बोट ठेवलं जातं.

पेन्शनच्या रकान्यातलं शून्य दोन कारणांनी येऊ शकतं. तुम्ही १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफचे सदस्य झालात आणि तेव्हाच पगार १५,००० पेक्षा जास्त होता, तर तुम्ही पेन्शन योजनेत येत नाही आणि मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. किंवा तुमचं वय ५८ पूर्ण झालं. यातलं काहीच लागू नसेल तर एजन्सीने विवरणपत्र चुकीचं भरलं आहे, तक्रार करा. आधी १२,००० वर लागलात आणि नंतर पगार १५,००० च्या वर गेला म्हणून पेन्शन थांबत नाही. १५,००० रुपये पगार धरून मोजलेली वर्गणी, म्हणजे महिना १,२५० रुपये, चालू राहते.

९. ई-श्रम कार्ड काढलं आहे. साठीनंतर ३,००० रुपये लागू झाले ना?

नाही. ई-श्रम ही असंघटित कामगारांची नोंदणी आहे, २०२१ मध्ये सुरू झाली. ३,००० रुपयांची पेन्शन ही वेगळी योजना आहे, प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन. तिच्यात वेगळं नाव नोंदवून दरमहा वर्गणी भरावी लागते. अनेक ग्रामरोजगार सेवकांनी गावातल्या शेकडो मजुरांची ई-श्रम कार्डं काढून दिली. त्या मजुरांनाही ही गोष्ट सांगा. कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं चाळिशी ओलांडून गेली की परतीचा रस्ता नसतो.

१०. श्रमयोगी मानधन घेऊ की अटल पेन्शन?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन्हींत प्रवेशाचं वय १८ ते ४० आणि दोन्हींत पेन्शन साठीनंतर.

श्रमयोगी मानधनसाठी मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत हवं. पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजना) सदस्य आणि आयकर भरणारा चालत नाही. म्हणजे ग्रामरोजगार सेवक बसतो, पीएफ असलेला कंत्राटी कर्मचारी बसत नाही. पेन्शन ३,००० रुपये ठरलेली. तिसाव्या वर्षी आलात तर महिना १०५ रुपये, पस्तिसाव्या वर्षी १५०, चाळिसाव्या वर्षी २००. तुम्ही भराल तितकेच केंद्र सरकार भरतं.

अटल पेन्शनमध्ये १,००० ते ५,००० पैकी पेन्शन तुम्ही निवडता. पस्तिसाव्या वर्षी ३,००० ची पेन्शन निवडली तर महिना ५४३ रुपये लागतात. १५० कुठे आणि ५४३ कुठे, असं वाटेल. पण फरक मागे राहणाऱ्यांसाठी आहे. श्रमयोगीत तुमच्यानंतर जोडीदाराला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये मिळतात आणि मुलांना काही उरत नाही. अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण ३,००० मिळतात आणि दोघांनंतर वारसाला ५ लाख १० हजार रुपये. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून अटलमध्ये नव्याने येता येत नाही. पीएफचा सदस्य मात्र येऊ शकतो.

आमचा सल्ला असा: ८,००० च्या मानधनात घर चालवणाऱ्याने श्रमयोगी घ्यावी, कारण १५० रुपये तो कोणत्याही महिन्यात भरू शकेल. वर्गणी तुटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. मानधन तीन-चार महिने रखडणं तुम्हाला नवं नाही, म्हणून ज्या खात्यातून वर्गणी कापली जाते त्यात सहा महिन्यांची रक्कम आधीच ठेवून द्या. पीएफ असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला अटल हाच मार्ग आहे आणि त्याने तो तरुणपणीच घ्यावा. ५,००० च्या पेन्शनसाठी पंचविशीत ३७६ रुपये लागतात, चाळिशीत १,४५४.

११. मेट म्हणून काम करतो. मला यातलं काय लागू होतं?

मेटला, म्हणजे कामाच्या जागी मजुरांवर देखरेख करणाऱ्याला, कामाच्या दिवसांचेच पैसे मिळतात, पीएफ नसतो. प्रश्न १० मधली श्रमयोगी मानधन तुम्हाला खुली आहे. वयाचा दाखला म्हणून आधार, बँक खातं आणि जवळचं सुविधा केंद्र, एवढंच लागतं.

१२. माझं वय ४६. २००८ पासून गावात काम करतोय. दोन्ही योजनांची दारं बंद?

हो, बंद. हा सर्वांत त्रासदायक प्रश्न आहे, कारण तरुणपणी या कामाला लागलेल्या पहिल्या पिढीचं वय आता हेच आहे आणि ते कामाला लागले तेव्हा या योजनाच नव्हत्या. अटल पेन्शन २०१५ ला आली, श्रमयोगी २०१९ ला.

उरतात ते स्वतःच्या बचतीचे मार्ग. एनपीएसमध्ये चाळिशीची अट नाही. पोस्टातलं पीपीएफ खातं वर्षाला ५०० रुपयांनीही चालू राहतं आणि १५ वर्षांनी, म्हणजे ४६ व्या वर्षी उघडलं तर साठीच्या आसपास, हातात येतं. पत्नी किंवा पती चाळिशीच्या आतले असतील तर श्रमयोगी किंवा अटल त्यांच्या नावाने काढा. घरात साठीनंतर एक ठरलेली रक्कम यावी एवढंच आपल्याला हवं आहे.

१३. आम्हाला कायम केलं तर जुनी पेन्शन मिळेल का?

सरळ उत्तर: नाही. राज्यात जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांसाठी बंद झाली. केंद्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला २ फेब्रुवारी २००६ ला. म्हणजे या योजनेतली पहिली नेमणूक व्हायच्या आतच ते दार लागलं होतं. उद्या कायम झालात तर एनपीएस आणि त्यातल्या सुधारणा लागू होतील.

कायम होण्याबद्दल बोलायचं तर २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही असं सांगितलं. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घेऊन उमादेवीची ढाल पुढे करता येणार नाही. आशा ठेवा, लढाही द्या. पण त्या भरवशावर प्रश्न १० मधली वर्गणी लांबवू नका. न्यायालयात जाणारी वर्षं वयातून वजा होत नाहीत.

१४. माझे वडील जुन्या रोजगार हमीवर हजेरी सहायक होते. त्यांना पेन्शन कशी मिळाली?

महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. त्या कामांवर मस्टर ठेवणारे हजेरी सहायक होते. १ डिसेंबर १९९५ च्या शासन निर्णयाने, ३१ मे १९९३ रोजी कामावर असलेल्यांना वर्ग तीन आणि चारच्या पदांवर सामावून घ्यायचं ठरलं. समावेशन जुन्या पेन्शनच्या काळात झालं म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू झाले.

पण तिथेही पेच होता. नियमित पेन्शनला १० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा लागते. ज्याने पंधरा वर्षं उन्हात मस्टर भरलं आणि ज्याचं समावेशन निवृत्तीच्या सात-आठ वर्षं आधी झालं, त्याची सेवा कोणत्या तारखेपासून धरायची यावर औरंगाबाद खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले चालले. वडिलांची पेन्शन नाकारली गेली असेल किंवा आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं नसेल तर समावेशनाचा आदेश, सेवापुस्तक आणि १९९३ पूर्वीच्या कामाचा कोणताही पुरावा घेऊन वकिलाला भेटा.

१५. आमचं मानधन आहे, पगार नाही. म्हणून आम्हाला ग्रॅच्युइटी, पीएफ काही नाही, असं ऑफिसात सांगतात.

अंगणवाडी सेविकांनाही हेच सांगत होते. २५ एप्रिल २०२२ ला मणिबेन भारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे आणि त्यांचं मानधन हे त्या कायद्यातलं वेतनच आहे. हा निकाल ग्रामरोजगार सेवकांबद्दल नाही, त्यामुळे तो दाखवला की उद्या पैसे मिळतील असं समजू नका. पण नाव मानधन ठेवलं म्हणून हक्क संपत नाही, हे त्याने स्पष्ट केलं आणि संघटनेच्या प्रत्येक निवेदनात तो यायला हवा.

एजन्सीमार्फत किंवा थेट करारावर असलेल्यांनी ग्रॅच्युइटी वेगळी मागावी. ती पेन्शनचा भाग नाही.

१६. माझे पती तांत्रिक सहायक होते. दोनच वर्षांच्या नोकरीनंतर वारले. दहा वर्षं झाली नाहीत म्हणून काही नाही म्हणतात.

चुकीचं सांगतात. दहा वर्षांची अट सदस्याच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पत्नीला पेन्शन मिळते, किमान १,००० रुपये. शिवाय दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळतात. त्यासाठी १०-डी फॉर्म भरा. पीएफची शिल्लक वेगळी मिळते आणि ठेव संलग्न विम्याचे पैसेही, ज्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. विम्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापत नाहीत, म्हणून घरच्यांना तो ठाऊक नसतो. तिन्ही अर्ज एकाच वेळी द्या.

१७. नवा रोजगार कायदा आला. आमची आधीची सेवा कुठे जाणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ६ वरून ९ टक्क्यांवर नेली आहे. कर्मचाऱ्यांचं मानधन याच खर्चातून निघतं, म्हणून वाढलेल्या तीन टक्क्यांतून सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरा, ही मागणी करण्याची वेळ आताच आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांची पेन्शन सेवा यूएएनवर राहते, योजनेचं नाव बदललं म्हणून ती बदलत नाही. ग्रामरोजगार सेवकांनी प्रश्न १९ मधले कागद लगेच गोळा करावेत.

१८. काहीच पेन्शन नसलेल्याला पासष्टीनंतर सरकारचं काय मिळतं?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून महिना १,५०० रुपये. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. ८,००० मानधनाचे वर्षाला ९६,००० होतात, म्हणजे मानधन चालू असताना बसणार नाही. अर्ज तहसील कार्यालयात.

१९. ग्रामसेवक बदलले, जुना ठराव सापडत नाही म्हणतात. अठरा वर्षं काम केल्याचा पुरावा कुठून आणू?

पुरावा तुमच्या हाताखालून गेलेला आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात तुमच्या निवडीचा ठराव असतो, त्याची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागा. ग्रामपंचायतीत नसेल तर पंचायत समितीत निवडीचा प्रस्ताव गेलेला असतो, तिथे अर्ज करा. मानधन बँकेत जमा होऊ लागलं तेव्हापासूनचं स्टेटमेंट काढा. जुन्या मस्टरवर तुमची सही आहे. त्याची दर वर्षातली एक-दोन पानं पुरे, सगळी मागायला गेलात तर अर्ज फेटाळतील. प्रशिक्षणाची पत्रं आणि कामासंबंधी तुमच्या नावाने आलेल्या नोटिसासुद्धा ठेवा, कारण नोटीस काढणाऱ्या कार्यालयाने तुम्ही कामावर होता हे त्यातच मान्य केलेलं असतं. आणि दर मार्चअखेर ग्रामसेवक व सरपंच यांच्या सहीचा वर्षभर काम केल्याचा दाखला घेत जा. दोघांपैकी कोणाची बदली झाली किंवा मुदत संपली तर पुढचा माणूस मागच्या वर्षाची सही करत नाही.